लाकडाचा गठ्ठा कोणी बांधावा? : हात आणि यंत्र यांचा हिशेब

लाकूड कापण्याच्या गिरणीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे करवतीचे फिरते पाते येते. परंतु कापलेली फळी गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत तिच्यावर जे श्रम खर्ची पडतात, त्यांत करवतीचा वाटा थोडा असतो. उरलेले सारे श्रम उचलण्याचे, निवडण्याचे, रचण्याचे आणि बांधण्याचे असतात. हे काम आजवर माणसाच्या खांद्यावर चालत आले. आता तेही यंत्राने होऊ शकते, आणि म्हणून लहान गिरणीवाल्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आहे : गठ्ठे बांधण्याचे यंत्र आणावे, की हातांनीच काम चालू ठेवावे? ज्यांच्या घरी लाकडाचा व्यापार आहे, ज्यांची मुले यंत्रविद्या शिकत आहेत आणि ज्यांच्या ओळखीचा कोणी वखारीत हमाली करतो, अशा सर्वांसाठी या प्रश्नाची उकल करावी, असा आमचा हेतू आहे.

बडोदे आणि लाकूड

लाकडाशी बडोद्याचा संबंध जुना आहे. नागरवाडा, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील जुन्या घरांच्या सागवानी तुळया व खांब पाहिले म्हणजे तो ध्यानात येतो. डांगचे जंगल गायकवाडांच्या राज्यात नव्हते. तरी तेथील सागवान बाहेर काढता यावे म्हणून बडोदे संस्थानाने १९१३ च्या सुमारास बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत सुमारे ६३ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग बांधला. आज परिस्थिती पालटली आहे. भारतात समुद्रमार्गे येणाऱ्या लाकडाचा फार मोठा वाटा कच्छमधील कांडला बंदरात उतरतो, आणि शेजारच्या गांधीधाम परिसरात ते कापणाऱ्या गिरण्यांची दाट वस्ती झाली आहे. बडोद्याच्या लातींत, म्हणजे आपण ज्यांना वखारी म्हणतो त्यांत, देशी सागवानाबरोबर परदेशी पाइनही दिसते. त्यातले पुष्कळसे लाकूड खोक्यांसाठी लागते. विजेची अवजड यंत्रे तयार करणारे म्हणून आपले शहर प्रसिद्ध आहे, आणि अशी यंत्रे परदेशी धाडावयाची तर मजबूत लाकडी बांधणी हवीच.

या बांधणीलाही आता आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकडातील किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ साली एक मानक ठरले. त्यातील एका पद्धतीप्रमाणे लाकूड त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णतेत सलग ३० मिनिटे राहावे लागते, आणि त्यावर तसा छाप मारावा लागतो. सांगण्याचा हेतू असा की, निर्यातीच्या खोक्यांचे काम करू पाहणाऱ्या गिरणीला पैसा गुंतवावयाचा असेल, तर तिची पहिली गरज बहुधा लाकूड तापविण्याची खोली ही असते. गठ्ठे बांधण्याचे यंत्र त्यानंतर येते.

काम कसे चालते

ओंडका कापला गेल्यावर फळीचे काठ सरळ करतात आणि टोके छाटून तिची लांबी नक्की करतात. मग फळ्यांची निवड होते. गाठ कोठे आहे, चीर किती आत गेली आहे, रेषा सरळ आहे की वळलेली, हे पाहून प्रत ठरते. त्यानंतर फळ्यांची थप्पी रचतात. ओल्या फळ्यांच्या प्रत्येक थरावर सारख्या जाडीच्या आडव्या काठ्या ठेवाव्या लागतात, म्हणजे मधून हवा खेळते. या काठ्या खालपासून वरपर्यंत एकाच उभ्या ओळीत आल्या पाहिजेत. ओळ चुकली की वरचा भार अधांतरी पडतो आणि फळी वाकून वाळते. वाकून वाळलेली फळी पुन्हा सरळ होत नाही.

लाकूड वाळले म्हणजे थप्पी उतरवून माल पुन्हा तपासतात, मोजतात, गठ्ठे करून पट्टीने आवळतात, आणि मापाची व संख्येची चिठ्ठी लावून गाडीत भरतात. पट्टी आवळण्यातही शास्त्र आहे. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसू लागते. ओल्या मालावर पोलादी पट्टी कितीही घट्ट ताणली तरी माल आकसल्यावर ती सैल पडते, कारण पोलाद त्याच्याबरोबर आत येत नाही. पॉलिएस्टरच्या पट्टीत थोडी लवचिकता असते. ती काही अंशी मागे सरून पकड धरून ठेवते. वाटेत गठ्ठा सुटण्याचे कारण पुष्कळदा बांधणाऱ्याच्या हाताऐवजी पट्टीच्या निवडीत सापडते.

आता भाराचा हिशेब पाहू. वाळलेल्या सागवानाचे वजन घनफुटास सुमारे १८ ते १९ किलो धरतात. दहा फूट लांब, आठ इंच रुंद व दीड इंच जाड फळी सुमारे १५ किलोची होते. दहा टनांच्या एका गाडीत अशा साडेसहाशे फळ्या मावतात. करवतीवरून खाली, छाटणीस, थप्पीवर, तपासणीस, गठ्ठ्यात आणि शेवटी गाडीत, अशी प्रत्येक फळी सहा वेळा हातांनी हलते. म्हणजे गाडीत माल दहा टनांचा असला, तरी माणसांनी उचललेला भार साठ टनांचा होतो, आणि फळी उचलण्याची क्रिया जवळजवळ ३,९०० वेळा घडते. ओले लाकूड असेल तर भार याहूनही अधिक. बिलात दहा टनच लिहिलेले असतात.

यंत्राच्या तीन पायऱ्या

'यंत्र आणणे' म्हणजे एकच गोष्ट नव्हे. पहिल्या पायरीवर हाताची साधने येतात : पट्टी ताणणारे व तिचे सांधे पक्के करणारे हत्यार, किंवा त्याचाच बॅटरीवर चालणारा प्रकार. दुसऱ्या पायरीवर भार वाहणारी साधने येतात : फळी सरकविण्यासाठी लाटांची, म्हणजे रोलरची वाट, थप्पी रचताना उंची बदलणारे टेबल, आणि गठ्ठा उचलणारी फोर्क-लिफ्ट. तिसऱ्या पायरीवर सर्व काम आपोआप होते. यंत्राचा डोळा फळी पाहतो, प्रत ठरवून तिला योग्य कप्प्यात टाकतो, दुसरे यंत्र काठ्यांसह थर रचते आणि तिसरे गठ्ठा दाबून पट्टी मारते. युरोप व उत्तर अमेरिकेतील मोठ्या गिरण्यांत मिनिटाला शंभराहून अधिक फळ्या अशा निवडल्या जातात.

हे तेथे परवडते, याची कारणे उघड आहेत. ओंडके एकाच जातीचे आणि बरेचसे सारख्या मापाचे असतात, माल अखंड येत राहतो, आणि मजुरीचे दर फार चढे असतात. आपल्या लातीत सकाळी सागवान, दुपारी पाइन, तर संध्याकाळी बाभूळ कापली जाते. एका गिऱ्हाइकाला दाराच्या चौकटीपुरते लाकूड हवे, तर दुसऱ्याला खोक्यांसाठी गाडीभर. अशा मिश्र कामात यंत्राची मापे बदलण्यातच पुष्कळ वेळ जातो.

समजा, एका गिरणीत या कामावर सहा मजूर आहेत आणि प्रत्येकाला रोज ६०० रुपये मिळतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर मजुरी १०,८०,००० रुपये झाली. मालकाने ३० लाखांचे स्वयंचलित यंत्र घेतले आणि त्यावर ९०० रुपये रोजाचा एक चालक व दोन मजूर ठेवले, तर मजुरी ६,३०,००० वर येते. म्हणजे बचत ४,५०,०००. पण यंत्राचे आयुष्य दहा वर्षे धरून झीज ३,००,०००, सरासरी व्याज १,५०,००० आणि वीज व दुरुस्ती १,२०,००० असा ५,७०,००० रुपयांचा खर्च समोर उभा राहतो. वर्षाला १,२०,००० रुपयांचा तोटा! काम दुप्पट असून यंत्र दोन पाळ्या चालले, तर मजुरीतील बचत ९,००,००० होते, खर्च ६,९०,००० पर्यंत जातो आणि २,१०,००० रुपये हाती राहतात. म्हणजे यंत्राचा नफा त्याच्या वेगाइतकाच त्याला मिळणाऱ्या कामावर अवलंबून आहे.

त्याच गिरणीने चार लाखांत रोलरची वाट, उंचीचे टेबल व पट्टीची हत्यारे घेतली, तर झीज, व्याज व दुरुस्ती मिळून वर्षाचा खर्च सुमारे ९०,००० येतो. एक माणूस या कामातून मोकळा होऊन खोकी बनविण्याकडे लागला, तर १,८०,००० रुपयांची मजुरी येथे वाचते. लाभ ९०,००० रुपयांचा. आणि कोणाचीही चूल विझत नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. रीत हीच राहील.

वहीत न येणाऱ्या बाबी

काही गोष्टी जमाखर्चाच्या वहीत दिसत नाहीत. हमालाची पाठ चाळिशीतच गेली, तर तो खर्च मालकाच्या नावे पडत नाही. तो त्याच्या बायकोमुलांच्या नावे पडतो. म्हणूनच समाजाला येथे नियम करावे लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात, इजा होईल इतके ओझे कोणाकडून उचलवू नये, असे कलम होते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने हातांनी वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी जी चळवळ केली, तिचे ते फळ होते. ओझे वाहणाऱ्यालाही नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी असावा, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली.

दुसरी बाब कौशल्याची. दहा वर्षे थप्पी रचणाऱ्या माणसाला फळी उचलतानाच तिच्या वजनावरून ओल कळते आणि टकटक वाजविली तर आतली पोकळी कळते. ही विद्या कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते. माणसाला घरी पाठविले की तीही त्याच्याबरोबर घरी जाते.

तिसरी बाब धोक्याची. यंत्राने पाठ वाचते, पण हात सांभाळावे लागतात. ताणलेली पट्टी तुटली तर चाबकासारखी उसळते. अडकलेली फळी सोडविताना आधी वीज बंद केली पाहिजे, संरक्षक जाळी काढून काम करता कामा नये आणि डोळ्यांवर चष्मा हवा. ज्याला हे शिकविलेले नाही त्याच्या हाती यंत्र देणे हा अन्याय होय.

आपल्याच इतिहासाचा दाखला

या ठिकाणी बडोदे संस्थानातील एक गोष्ट आठवते. १८६२ साली डभोई व मियागाम यांच्या दरम्यान रूळमार्ग घातला गेला आणि त्यावर गाड्या ओढावयास बैल जुंपले. वाफेची इंजिनेही तयार झाली होती. परंतु रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलेना. १८७३ साली भक्कम रूळ घातले गेले, आणि इंजिनांचा नियमित वापर तर १८८० च्या सुमारास सुरू झाला. इंजिनात दोष नव्हता; त्याला लागणारा पाया तयार नव्हता. आजच्या गिरणीचे रूळ म्हणजे अखंड काम, भरवशाची वीज, दुरुस्ती जाणणारा कारागीर आणि शिकलेला मजूर. हे नसताना आणलेले यंत्र कोपऱ्यात झाकून पडते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

हा पाया घालण्याचे काम श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापून केले. तिचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर होते. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार केला, तेव्हा तिनेही सुधारलेली साधने यावीत, पण त्यांमुळे नवी बेकारी होईल तितकी टाळावी, अशीच दिशा धरली.

मग करावे काय?

आमचे मत असे. ज्या गिरणीत एकाच प्रकारचा माल दोन पाळ्या अखंड चालतो, तिने स्वयंचलित यंत्राचा विचार अवश्य करावा. तेथे हातांचा हट्ट धरणे म्हणजे धंदा दुसऱ्याच्या हाती देणे होय, आणि धंदा गेला तर मजुरीही जाते. ज्या लातीत मिश्र काम आहे, तिने मधली पायरी धरावी : ओझे यंत्राने उचलावे, पारख माणसाने करावी. दोन्ही ठिकाणी क्रम एकच असावा. प्रथम सर्वांत जड व सर्वांत घातक हालचाल शोधून ती यंत्राकडे द्यावी; बहुधा ती गाडी भरण्याची असते. मग जे मजूर आहेत त्यांतूनच चालक निवडून त्याला शिकवावे. उरलेल्या हातांना खोकी, चौकटी, प्रतवारी यांसारखे काम आधी दाखवावे आणि मगच यंत्राची मागणी नोंदवावी.

पंचमहाल-दाहोदकडून जी कुटुंबे बडोद्यास मजुरीला येतात, त्यांना हा निर्णय सर्वांत शेवटी कळतो आणि त्याचा परिणाम मात्र सर्वांत आधी भोगावा लागतो. तेव्हा ज्यांच्या घरी वखार आहे त्यांनी यंत्र विकणाऱ्याबरोबर बसण्यापूर्वी एक दिवस आपल्या मजुरांबरोबर बसावे. कोणते ओझे नको वाटते, कोठे वेळ फुकट जातो आणि कोणत्या जागी बोट चेंगरण्याची भीती असते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. आणि आपल्यापैकी जे तरुण यंत्रशास्त्र शिकत आहेत, त्यांनी चार-पाच लाखांत बसेल, मिश्र माल झेपवेल आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल, असे थप्पी रचण्याचे साधन आखून पाहावे. तसे साधन झाले, तर लहान लातीवाल्याला मोठ्या कर्जात शिरावे लागणार नाही, आणि त्याच्या हमालाला चाळिशीनंतरही सरळ पाठीने कामावर येता येईल.