घर हलके, पाया मात्र खोल

मराठवाड्यात गावाची जमीन पूर्वीपासून दोन नावांनी ओळखली जाते, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची. राणीसावरगावसारख्या गंगाखेड तालुक्यातील गावांतही आता वस्ती पांढरीत मावत नाही. रस्त्याकडेला आणि शेतात घरे उभी राहतात. तेथे कारखान्यात तयार करून ट्रकवर आणलेले प्रीफॅब घर सोयीचे वाटते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड दगडी भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. ते पाहिलेल्या पिढीला हलके घर सुरक्षित वाटणे स्वाभाविकच आहे.

पण त्यातून एक गैरसमज होतो. घर हलके आहे, मग पाया कशाला? चार ठोकळे ठेवले की झाले! काळ्या मातीत नेमके याच्या उलट घडते.

या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना ती वर जो दाब देते, तो हलक्या घराच्या वजनापेक्षा सहज जास्त भरतो. जड इमारत तो दाब थोडाफार दाबून धरते, हलके घर मात्र उचलले जाते. तेही सगळीकडे सारखे नाही. कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. मग फरशी वाकते आणि दारे अडकतात.

थंड प्रदेशात हेच काम बर्फ करतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. शिवाय खालचे पाणी वर ओढले जाऊन मातीत बर्फाचे थर जमतात आणि जमीन वर येते. म्हणून तेथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. परभणीत पारा कधी 5 अंशांखाली उतरला, तरी जमीन गोठत नाही. तरीही नियम तोच लागू होतो: जमीन जेथवर हलते, त्याच्या खाली पाया टेकवायचा.

हा प्रश्न बांधकामाइतकाच आरोग्याचाही आहे. जमीन हलली की फरशीखालचे नळाचे आणि सांडपाण्याचे सांधे निखळतात. गळक्या नळात घाण शिरली की कावीळ, विषमज्वर, जुलाब घरात येतात. गळणारे पाणी माती आणखी फुगवते, ते वेगळेच. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी वाढते आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. जोत्याच्या फटींत उंदीर, विंचू, साप आसरा घेतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. अशा वेळी मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

मग पाया कोणता निवडावा? आधी खड्डा खणून पाहावा. उतारावर मुरूम कमी खोलीवर लागतो. तसे असेल तर काळी माती काढून मुरमावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारणे पुरेसे ठरते. माती खोल असेल, तर तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब उपयोगी पडतात. इंजिनिअर त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. साधारण साडेतीन मीटर खोल गेलेला हा खांब फुगलेल्या मातीबरोबर वर सरकत नाही. खांबांना जोडणारी तुळई जमिनीला टेकवू नये. खाली थोडी पोकळी ठेवली की मातीला फुगायला जागा मिळते. तिसरा उपाय म्हणजे वरची काळी माती काढून तेथे न फुगणाऱ्या, चिकट मुरमाचा थर दाबून भरणे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. सरळ काळ्या मातीवर पातळ कोबा टाकणे मात्र टाळावे. ते स्वस्त दिसते, पण दुरुस्ती संपत नाही.

खांबांवरचे घर बोल्टने पक्के जखडावे. वळवाच्या वाऱ्याला हलके घर तोलता येत नाही. घराखालच्या मोकळ्या जागेत हवा खेळली पाहिजे, पण कडेने बारीक जाळी हवी. पन्हाळीचे पाणी पायापासून दूर सोडावे. शोषखड्डा आणि मोठी झाडे घराला खेटून नकोत. भोवती उताराचा पक्का पट्टा असावा. झोपायला खाट आणि मच्छरदाणी वापरावी.

घराची ऑर्डर देण्यापूर्वी एक साधी गोष्ट करता येते. मे महिन्यात त्या जागेतल्या भेगेत काठी घालून पाहावी. ती जितकी आत जाते, निदान तितकी खोल जमीन दरवर्षी हलते. हा केवळ अंदाज झाला. खांबाची खोली इंजिनिअरने माती तपासूनच ठरवावी. घर ट्रकवर तयार येते, पाया मात्र त्या जागेवरच्या मातीला विचारून घालावा लागतो.