चालणे बंद का पडते?

वजन कमी करायचे म्हणून चालायला सुरुवात केलेल्या बाया आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. पंधरा दिवस चालतात, फार तर महिनाभर, मग बंद. का बंद केले म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "सिस्टर, आळस येतो हो." आम्हाला हे उत्तर पटत नाही. पहाटे उठून पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, हंगामात दिवसभर कापूस वेचणारी बाई आळशी कशी? चालणे बंद पडते त्याची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण वजनकाटा. थोडा हिशेब करू. साठ-पासष्ट किलोची बाई ४५ मिनिटे झपझप चालली तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. अंगावरची एक किलो चरबी उतरायला सुमारे ७७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. म्हणजे रोज न चुकता चालले आणि खाणे तेच ठेवले, तरी महिन्याला पुरता एक किलोसुद्धा उतरत नाही. मधे एक समोसा खाल्ला की त्या दिवसाचे चालणे त्यातच फिटले. आणि आपण आठव्या दिवशी काट्यावर उभे राहतो! अंगातल्या पाण्यानेच वजन दिवसात किलोभर इकडेतिकडे होते. काटा वर गेलेला दिसला की मन बसते, आणि दुसऱ्या दिवशी चप्पल दारातच राहते.

म्हणून वजन महिन्यातून एकदाच करा, सकाळी, त्याच काट्यावर. त्यापेक्षा शिलाईचा टेप बरा. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आत असावी, असे आपल्याकडच्या लोकांसाठीचे माप आहे. साखर आणि बीपी ओढून आणते ती पोटावरची चरबी. टेप नसेल तर परकराची नाडी आहेच, गाठ कुठे बसते ते बाईला बरोबर कळते.

आणि फायदा काटा हलायच्या आधीच सुरू होतो. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

"दिवसभर राबतो, वर आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. खुरपणी, वेचणी, काढणीला जाणाऱ्या बाईला हंगामात वेगळा व्यायाम लागत नाही, तिला पोटभर जेवण आणि झोप लागते. पण घरकाम थांबत थांबत होते, त्याने थकवा येतो, दम फारसा लागत नाही. शिवाय आपल्या घरांतून काम बदलले आहे. आई शेतात दोन कोस पायी जायची. लेक शिलाई मशीनवर बसते, मुलगा ऑफिसात, दारात मोटारसायकल. चहा मात्र आईइतकाच गोड आणि दिवसातून पाच वेळा. चाळिशीतच साखरेची गोळी लागलेली माणसे आता वस्तीत घरोघरी दिसतात.

२०१८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव घरोघरी गेले. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी सांगितलेली पद्धत सोपी: दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ही पद्धत सगळ्यांना मानवेल असे आम्ही म्हणणार नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत. पण लाट आली तेव्हा कितीतरी जण चालायला निघाले. उत्साह ओसरला तसे एकेकटे निघालेले आधी घरी बसले. चालत राहिले ते ज्यांना दारात हाक मारायला कोणी होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास आहे. नवे काम रोज करून अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तीन आठवड्यांत सोडणारी बाई अर्धी वाटही चाललेली नसते, आणि तिला वाटते आपल्याने होतच नाही.

हे आपल्याला नवे नाही. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. आज मन आहे का, असे कोणी विचारत नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारीण हाक मारते, "चला ना जाऊबाई," आणि पांढरी साडी नेसून आपण निघतो. चालण्यालाही हीच सोय करा. वाचन संपल्यावर तिथूनच चार-पाच जणींनी वस्तीला फेऱ्या घालाव्यात.

संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी येतो. तो द्रोणभर भात खायचा. एकदा जेवून धापा टाकतच भगवंतांकडे आला. मोजून खाणाऱ्याला त्रास कमी होतो, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायला सांगितली आणि त्याबद्दल त्याला रोज शंभर कहापण दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या घरात हे काम नातवाला द्या, तो फुकट करील.

अडचणी खऱ्या आहेत. कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यांवर सकाळी फिरणारे पुष्कळ, पण वस्तीतल्या बाईला तिथवर जायला रिक्षाचे भाडे पडते. गल्लीत दिवा नसतो, कुत्री असतात, ओट्यावर बसलेले हसतात. तिघी-चौघी मिळून निघाल्या की हसणे थांबते, कुत्रीही लांब राहतात. दिव्यासाठी वॉर्डाच्या नगरसेवकाकडे अर्ज द्या, सह्या सगळ्यांच्या. परभणीचे ऊन मे महिन्यात ४४ अंशांवर जाते, तेव्हा उजाडताना किंवा दिवेलागणीनंतरच चाला. पावसात विहाराच्या सभागृहातच फेऱ्या घाला.

पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटे पुरेत. आठवड्याला १५० मिनिटे हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब, म्हणजे पाच दिवस ३० मिनिटे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. गुडघे दुखत असतील तर सपाट जागा धरा. साखरवाल्यांनी अनवाणी चालू नये, आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत. छातीत दुखले किंवा दाटून आले तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. वय ३० च्या पुढे असेल तर आशाताईला सांगून आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर आधी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर ती तोंडात टाकून तिथेच बसावे आणि सोबतच्या बाईने तिला एकटे सोडू नये.