कृष्णफळाचा वेल आणि भुंग्याचा वाटा

वरोर हे डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील गाव; तालुक्याची ओळख चिकूच्या वाड्यांची. अशा उष्ण किनारपट्टीस कृष्णफळाचा पिवळा वाण मानवतो. जांभळा वाण कोडगूसारख्या थंड डोंगराळ प्रदेशाचा. पुष्कळदा एकटा वेल मांडवभर फुलतो, परंतु फळ धरत नाही. पिवळ्या वाणास स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग काळा भुंगा आणतो. म्हणून निरनिराळ्या बियांपासून वाढविलेले दोन वेल लावावेत, मुळांशी पाणी तुंबू देऊ नये. फूल दुपारी उमलते. तेव्हा कीटकनाशक फवारल्यास भुंगा मरतो आणि फळही हातचे जाते. कच्चे फळ तोडू नये. पिकलेले आपोआप गळते, तेच वेचावे. साल सुरकुतली की गोडी वाढते. भुंग्याचा जीव राखणाऱ्याच्याच पदरात हे फळ पडते.