बरणीतले तळे

आमच्या वर्गाच्या खिडकीत एक काचेची बरणी ठेवली आहे. येणारेजाणारे विचारतात, "यात मासे कुठं आहेत?" मासे नाहीत, पण बरणी रिकामी नाही.

मागच्या महिन्यात आम्ही गावतळ्याच्या काठचे पाणी, थोडे शेवाळ आणि चिमूटभर गाळ तिच्यात भरला. चार काड्या वाळके गवत टाकले. गवत कुजले की जंतू वाढतात आणि जंतूंना खाणारे जीवही वाढतात. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडाला फडके बांधले. आठ दिवसांनी गुरुजींनी काचपट्टीवर एक थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून आम्हाला पाळीपाळीने दाखवला.

आधी नुसताच उजेड दिसला. गुरुजींनी स्क्रू हळूच फिरवला अन् एकदम धावपळ सुरू! चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा तो पॅरामेशियम. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. अंगावरचे बारीक केस हलवत तो असा पळतो की नजर ठरत नाही. थेंबात कापसाचे चार तंतू टाकले, तेव्हा कुठे तो अडकला.

दुसरा प्राणी सायक्लॉप्स. नुसत्या डोळ्यांना तो उड्या मारणारा पांढरा ठिपका वाटतो. यंत्रात पाहिले तर डोक्यावर मधोमध एकच डोळा! मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या गाढवावरच्या गोण्यांसारख्या लोंबतात.

घरी हे सांगितले तेव्हा आजीने पायावरचा जुना वण दाखवला. म्हणाली, "मला नारू झाला होता रं. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा वढायचे. तुटला की पाय सुजायचा."

गुरुजींनी त्याचे कारण समजावले. नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या पोटात असत. न गाळलेल्या पाण्यातून तो पोटात गेला, की सुमारे वर्षाने हातभर लांब किडा बहुधा पायातून बाहेर येई. तो पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडाला, की नवी पिल्ले पाण्यात पडत. लोक पाणी गाळू लागले, विहिरी सुधारल्या आणि हे चक्र तुटले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला. आता आपल्या सायक्लॉप्सला भिण्याचे कारण नाही.

मग आम्ही बरणीतले पाणी दुहेरी फडक्यातून गाळले. सायक्लॉप्स फडक्यावर राहिले. पण गाळलेल्या थेंबात पॅरामेशियम पळतच होता! तो आपल्याला रोग करत नाही, पण जुलाबाचे जंतू त्याच्याहून कितीतरी लहान असतात. म्हणजे तेही फडक्यातून सुटणारच.

म्हणून पाणी आधी गाळा, मग उकळा किंवा त्यात औषध टाका.

पालकांनो, आमची विनंती आहे, एकदा यंत्राला डोळा लावून बघाच. बरणीत हात घातलात तर मात्र साबणाने धुवा!

— इयत्ता सातवी