जोडकार्डांचा हिशेब

‘लाइन बरोबर नाही.’ आपल्या बेळगाव-निपाणी भागात या तीन शब्दांनी किती संभाषणे अर्ध्यावर तोडली असतील, याची गणती नाही. ट्रंक कॉलच्या काळात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी मुंबईचा कॉल ‘अर्जंट’ म्हणून नोंदवी आणि तासन्‌तास पेढीवर बसून राही. जोडणी मिळाली, तरी पलीकडून सांगितलेला भाव घरघरीत बुडून जाई. मात्र त्या काळी दोन टोकांच्या मधोमध एक माणूस असे. एक्स्चेंजमधील ऑपरेटर आपल्या कानाने तार पारखी आणि आवाज फारच खराब असला, तर शक्य तेव्हा दुसऱ्या मार्गाने जोडून देई. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. पुढे ती सर्वत्र पसरली आणि मधला तो कान हळूहळू निघून गेला.

आता तांब्याच्या तारेच्या जागी काचेचा तंतू आला आहे. वाक्य मात्र तेच राहिले आहे. पुण्याला शिकणाऱ्या मुलीचे चित्र पडद्यावर गोठते, जर्मनीतल्या नातवाचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि आपण सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करून म्हणतो, ‘लाइन बरोबर नाही.’ तेथील कर्मचारी विचारतो, ‘आत्ता कशी आहे?’ आत्ता ती नेमकी बरी असते. केव्हा बिघडली, किती वेळ, आणि वाटेत कोठे, या प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी नसतात, आणि तक्रार तेथेच मिटते. ही उत्तरे मिळवून देणारे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. ते कसे मांडावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मी मराठीचा विद्यार्थी, संगणकाचा नव्हे. म्हणून जे करून पाहिले तेवढेच सांगतो.

या साधनाचा पाया म्हणजे ‘पिंग’. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. आपल्या वाचकांना मात्र जोडकार्डाचा दाखला अधिक जवळचा वाटेल. पूर्वी पोस्टात जोडकार्ड मिळत असे. एका अर्ध्यावर आपला मजकूर असे, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा. पिंग म्हणजे असेच एक जोडकार्ड. आपला संगणक ते दूरच्या संगणकाकडे धाडतो, पलीकडचा संगणक उत्तराचे कार्ड लगेच परत टाकतो, आणि जाऊन येण्यास किती मिलिसेकंद लागले हे आपल्याला कळते. कार्ड परतच आले नाही, तर ते वाटेत हरवले असे समजायचे.

परंतु एका कार्डावरून वाटेची पारख होत नाही. निपाणीच्या बाजारात एक पान हुंगून कोणी अख्ख्या पोत्याचा भाव ठरवत नाही. ठिकठिकाणची पाने ओढून पाहतात. हेच तत्त्व ‘स्मोकपिंग’ या साधनात आहे. टोबियास ओएटिकर या स्विस तंत्रज्ञाने ते तयार केले. मूळ मांडणीत हे साधन दर ३०० सेकंदांनी, म्हणजे दर पाच मिनिटांनी, प्रत्येक ठिकाणी २० पिंग धाडते. दिवसाकाठी अशा २८८ फेऱ्या होतात आणि ५,७६० कार्डे जातात. प्रत्येक फेरीत आलेल्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधली वेळ, म्हणजे आपण शाळेत शिकवतो तो मध्यक, आलेखावर ठळक रेघेने उमटतो. उरलेल्या वेळा त्या रेघेभोवती करड्या छटेत पसरतात. वाट स्थिर असेल तर हा धूर पातळ असतो. कार्डे कधी लवकर, कधी उशिरा येऊ लागली की तो दाट होतो. सगळी कार्डे परत आली तर रेघ हिरवी राहते. जसजशी ती हरवू लागतात तसतशी ती निळी, जांभळी आणि शेवटी लाल होते. एका दृष्टिक्षेपात दिवसाची हजेरी कळते.

ही सर्व मापने साठवण्याची पद्धतही मोठी चतुर आहे. ओएटिकर यांचेच १९९९ सालचे ‘आरआरडीटूल’ त्यासाठी वापरले जाते. त्याची तुलना रहाटगाडग्याशी करावी. पोहऱ्यांची संख्या ठरलेली असते, शेवटचा भरला की पहिला रिकामा होऊन पुन्हा भरतो. त्यामुळे वही कधीच फुगत नाही. जुन्या दिवसांचा तपशील सरासरीत मिसळत जातो, ताजा तपशील पूर्ण राहतो. एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी. फेरीचे अंतर आणि पिंगची संख्या नंतर बदलली, तर जुनी वही टाकून नवी सुरू करावी लागते.

यासाठी महागडा संगणक लागत नाही. तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ किंवा कपाटात पडलेला जुना संगणक लिनक्स घालून वापरला तरी पुरतो. मात्र तो वाय-फायवर न ठेवता तारेने राउटरला जोडावा. नाहीतर भिंतीआडच्या वाय-फायचा दोष कंपनीच्या माथी मारला जाईल. खरी बुद्धी लागते ती ‘टार्गेट्स’ नावाची फाइल लिहिताना. तीत अधिकचे एक चिन्ह म्हणजे प्रकरण, दोन चिन्हे म्हणजे उपप्रकरण, आणि त्याखाली त्या ठिकाणाचे नाव व पत्ता, इतकी सोपी मांडणी असते. पण कोणती ठिकाणे लिहावीत? पुष्कळ जण फक्त दूरचे टोक लिहितात. पाटाचे पाणी शेतात पोचले नाही, तर शेतकरी शेतात उभा राहून नशिबाला बोल लावत नाही. तो पाटाने वर चालत जातो. तसेच येथे करावे. पहिले ठिकाण आपला राउटर, दुसरे कंपनीचे पहिले द्वार, तिसरे कंपनीच्या बाहेरचे एखादे स्थिर ठिकाण आणि चौथे आपल्याला हवे असलेले टोक. दुसरे हिरवे आणि तिसरे लाल असेल, तर फूट या दोहोंच्या मध्ये आहे. वाटेवरची द्वारे कोणती, हे ‘ट्रेसराउट’ हा कार्यक्रम दाखवतो.

येथे एक चकवा आहे. मधली काही यंत्रे इतरांचा माल बिनबोभाट पुढे पाठवतात, पण स्वतःच्या नावाच्या कार्डाला उत्तर देण्यास कंटाळा करतात. म्हणून मधले ठिकाण लाल आणि त्यापुढचे हिरवे दिसले, तर ती गळती नव्हे. दुसरी अडचण अशी की, हल्ली अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, चाळीला एकच टपालपेटी असावी तसा. अशा घराला बाहेरून पिंग पोचत नाही. मग दोन्ही टोकांना एकेक साधन ठेवावे आणि दोघांनी एकाच मधल्या ठिकाणाला पिंग करावे.

विलंबाचा आकडा वाचताना भूगोलही ध्यानात घ्यावा लागतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. निपाणीहून कोल्हापूर रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास अर्धा मिलिसेकंदही नको. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वेळ लागलेला दिसतो. कोगनोळीच्या पुढे राज्य बदलते, तसे दूरसंचाराचे सर्कलही बदलते. दोन टोकांना दोन कंपन्या असल्या, तर निपाणीचे कार्ड कोल्हापूरला जाण्यासाठी आधी बेंगळूर, मग मुंबई असा फेरा घालू शकते. सीमाभागातील माणसाला अशा फेऱ्यांचे आश्चर्य वाटू नये. हा विलंब दोष नव्हे. तो रोज सारखा असेल तर संभाषण उत्तम चालते. दोष असतो तो चढउतारात आणि गळतीत.

याचा प्रत्यय २०२४ च्या जानेवारीत आला. निपाणीजवळच्या दुसऱ्या एका मराठी शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि दहावीची परीक्षा मार्चअखेर होती. आमचे गणिताचे शिक्षक सकाळी अकरा वाजता पडद्यावरून तेथील मुलांना शिकवू लागले. तास काही दिवस चाले, काही दिवस पाच मिनिटांत मोडे. प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर राहिली की मुले वह्या मिटून बसत. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘सर्व ठीक’ असा शेरा देऊन गेला. शेवटी दोन्ही शाळांत हे साधन बसवले. आमचा आलेख हिरवा होता. पलीकडच्या शाळेचा आलेख मात्र दुसऱ्याच ठिकाणी, म्हणजे शाळेचा राउटर आणि कंपनीचे पहिले द्वार यांच्यामध्ये, लाल होत होता. एका आठवड्यात साडेदहा ते तीन लाल, पुढच्या आठवड्यात दिवसभर हिरवा आणि रात्री लाल, पुन्हा तिसऱ्या आठवड्यात दिवसा. आम्ही शिक्षक मंडळी आलेख न्याहाळत बसलो होतो. चहा घेऊन आलेल्या आमच्या शिपायांनी मागून पाहिले आणि म्हणाले, “सर, ही तर आमच्या मोटारीची पाळी!”

त्यांची स्वतःची उसाची शेती आहे. पंपांना थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, आणि लाल रेघ तंतोतंत त्या पाळीने चालली होती. साऱ्या शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरे, खांबावरील पेटी बॅटरीवर जाई, आणि बॅटरी जुनी असल्याने पेटी सारखी बंद-चालू होई. तपासणीचा माणूस दोन्ही वेळा आला होता तो रात्रपाळीच्या आठवड्यात. तीन आठवड्यांचे आलेख पाळीच्या वेळापत्रकासह लेखी तक्रारीला जोडले. आठ दिवसांत बॅटरी बदलली आणि दाब सांभाळणारे यंत्रही बसले. परीक्षेपूर्वी पाच आठवडे सलग तास मिळाले. भूमितीची राहिलेली प्रमेये त्यांतच पुरी झाली.

तक्रार करताना नियमांचा आधार घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडसाठी गुणवत्तेचे निकष ठरवले. त्यांत पॅकेट हरवण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे असे म्हटले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले आहेत. २० कार्डांच्या एका फेरीत एक हरवले तरी पाच टक्के होतात, म्हणून एका फेरीवरून आरोप करू नये. महिन्याचा आलेख पुढे ठेवावा. साधनात इशाऱ्याची सोय आहे, तीही याच धोरणाने लिहावी. नमुन्यादाखल दिलेल्या एका इशाऱ्यात गळती तीनदा आढळली, आणि प्रत्येक दोहोंमध्ये जास्तीत जास्त बारा फेऱ्या गेल्या, तरच पत्र येते. अशी अट नसली तर दिवसातून वीस पत्रे येतील आणि चौथ्या दिवशी आपण ती वाचणे सोडू.

मुले परदेशी असलेल्या घरांनी आलेखात एक परदेशी ठिकाण अवश्य ठेवावे. बोलणे सहज चालण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. युरोपकडील वाट साधारणतः या मर्यादेत बसते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाचे दोन केबल तुटले, तेव्हा भारतातील वाहतुकीला लांबचे वळसे घ्यावे लागले. अशा दिवशी परदेशी ठिकाणाची रेघ एकदम पायरी चढून वर जाते आणि बाकीची ठिकाणे हिरवीच राहतात. तसे दिसले, तर राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये. मुलाला साधा निरोप लिहून ठेवावा.