आपण किती चुकतो हे जाणणारे घड्याळ

एका सेकंदात 100 कोटी विनंत्या. गुगलची ‘स्पॅनर’ ही डेटाबेस-यंत्रणा ऐन गर्दीत याहून जास्त भार पेलते, असे कंपनीने 2022 साली सांगितले होते. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाने एकेक प्रश्न विचारला, तर आठ सेकंदांत सगळ्यांना उत्तर मिळेल! तरी मला भुरळ पडते ती या आकड्याची नव्हे, त्याच्या पोटातल्या चार मिलिसेकंदांची.

डेटाबेस अनेक प्रदेशांत पसरला की अंतर आडवे येते. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतले व्हर्जिनिया सरळ रेषेत जवळपास 13 हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान 130 मिलिसेकंद. समुद्रतळावरची केबल तर वळणे घेतच जाते. कितीही पैसा ओतला तरी हा काळ त्याखाली उतरत नाही. म्हणून नोंदीच्या, समजा, पाच प्रती ठेवतात आणि सगळ्यांत दूरच्या प्रतींची वाट न पाहता तिघींचा होकार येताच नोंद पक्की धरतात.

पण दोन नोंदींतली आधीची कोणती? दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. यावरचा स्पॅनरचा उपाय 2012 च्या शोधनिबंधात आहे आणि तो मला विलक्षण वाटतो. प्रत्येक डेटासेंटरमध्ये वेळ सांगणारी खास यंत्रे असतात. बहुतेकांना जीपीएस, उरलेल्यांना अणुघड्याळ. दोन्ही हवीत, कारण त्यांच्या बिघडण्याच्या तऱ्हा वेगळ्या. त्या निबंधानुसार सर्व्हर दर 30 सेकंदांनी त्यांच्याशी वेळ जुळवत असे. मधल्या काळात तो सेकंदाला 200 मायक्रोसेकंद भरकटेल असे गृहीत धरत, म्हणजे 6 मिलिसेकंद. निरोपाच्या ये-जेचा आणखी 1. वेळेविषयीची शंका 1 पासून 7 पर्यंत चढे, वेळ जुळवली की पुन्हा उतरे. सरासरी 4.

हे घड्याळ एक वेळ सांगतच नाही. ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कुठेतरी’ असे उत्तर देते. नोंदीवर टाकलेली वेळ खात्रीने उलटून जाईपर्यंत डेटाबेस ती नोंद कुणाला दिसू देत नाही. ही थांबण्याची वेळ तेव्हा सरासरी शंकेच्या दुप्पट, सुमारे 8 मिलिसेकंद होती, आणि तेवढ्यात प्रतींचा होकारही येत असे, त्यामुळे ती सहसा जाणवत नसे.

घड्याळ गृहीतकापेक्षा जास्त भरकटले तर? अभियंत्यांनी यंत्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सीपीयू बिघडण्याची शक्यता घड्याळ बिघडण्याच्या सहापट निघाली.