मेणातला तुकडा जपून न्या!

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. पत्नीच्या स्तनातली गाठ काढून झाली होती, रिपोर्टात कर्करोग निघाला होता आणि पुढील उपचारांसाठी नवी मुंबईला, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये जायचे ठरले होते. मी म्हटले, "रिपोर्टाबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही न्या."

"डॉक्टरसाहेब, रिपोर्ट आहे ना? मग तो मेणाचा तुकडा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. काढलेल्या गाठीचे निवडक तुकडे फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. हाच ब्लॉक. त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे, केसाहून कितीतरी पातळ काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ३ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचे ४ मायक्रॉनचे साडेसातशे काप होतील. पाहिले जातात मोजकेच. उरलेला तुकडा मेणातच राहतो.

तो न कापता आतून पाहता येईल का? येतो. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचे छेद दाखवले. मायक्रो-सीटी हे त्याचेच धाकटे भावंड. यात तुकडा फिरत्या चकतीवर ठेवून शेकडो कोनांतून क्ष-किरण चित्रे घेतात आणि संगणक त्यांतून त्रिमिती आकृती रचतो. समोर जिवंत माणूस नसल्याने किरणांची मात्रा वाढवता येते, म्हणून काही मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दिसतो. मांसल भाग क्ष-किरणांत जवळजवळ सारखेच दिसत असल्याने अनेकदा तुकड्याला आयोडीन लावावे लागते. कर्करोग काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोचला आहे का, हे सर्व बाजूंनी पाहण्यासाठी संशोधक हे तंत्र वापरून पाहत आहेत.

मात्र वाचकहो, पेशी कर्करोगाच्या की साध्या, हा निवाडा आजही सूक्ष्मदर्शकच करतो. मायक्रो-सीटी अजून मुख्यतः संशोधनात आहे. ब्लॉक मात्र आजच उपयोगी आहे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत त्यावरूनच घेता येते. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्याही त्यावरच होतात आणि कोणते औषध लागू पडेल हे त्यांवरून ठरते. ब्लॉक हरवला, तर कधी पुन्हा सुई टोचून तुकडा काढण्याची वेळ येते.

म्हणून ब्लॉक मागून घ्या, त्यावरील क्रमांक रिपोर्टाशी ताडून पाहा, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आले. क्रमांक आम्ही दोघांनी मिळून ताडला.